मदत हवी आहे : स्केटिंगचे गुण आणि सांगलीत शिकवणारं कोणी?

नमस्कार मंडळी, आमची मुलगी सांगलीत चाकांचं स्पीड स्केटिंग करते. सध्या मात्र घरात फिगर स्केटिंगशिवाय (बर्फावरच्या उड्या आणि गिरक्यांचं) विषय नाही. कारण बॉस्टनची 2025 ची जागतिक स्पर्धा. सोळाव्या वर्षी निवृत्त झालेली अमेरिकेची अलिसा लिऊ परतते काय आणि त्याच मोसमात सुवर्ण नेते काय! 2006 नंतर अमेरिकन महिलेला पहिलंच. पुरुषांत कझाकस्तानच्या मिखाईल शायदोरोवला रौप्य. ट्रिपल ॲक्सेलला (हवेत साडेतीन गिरक्यांची उडी) जोडून क्वाड सालकॉव्ह (चार गिरक्यांची उडी) मारणारा गडी, तरी एवढं वर येईल असं निदान आम्हाला वाटलं नव्हतं.

आता अडचण. शॉर्ट आणि फ्री अशा दोन सादरीकरणांचे गुण मिळून बेरीज होते, पडलं की गुण कापतात, प्रत्येक उडीला उणे 5 ते अधिक 5 श्रेणी, इतपत कळलंय. पण सादरीकरणाचे गुण परीक्षक कशावर देतात? मराठीतून कोणी समजावेल का? पोरगी रोज डोकं खाते.

दुसरं, बर्फ आपल्याकडे कुठला! पण चार चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग (चाकांवरचं फिगर स्केटिंगच म्हणा) शिकवणारं सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कोणी आहे का? स्पीडचे बूट त्याला चालत नाहीत म्हणे, तेव्हा जुने बूट विकायचे असतील तरी कळवा.