प्रति: दाढेवरची सिरॅमिक कॅप का तडकते?

दाढेवरची सिरॅमिक कॅप का तडकते, या प्रश्नावर 'कॅप तडकली म्हणजे मटेरियल हलक्या दर्जाचं' असं एका उत्तरात म्हटलंय, ते अर्धंच खरं. सिरॅमिक दाब सोसतं, खेच नाही. चावताना कॅपच्या आतल्या बाजूवर खेच येते आणि तडा बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. म्हणून कॅप बसवण्यासाठी दात तासताना आतले कोपरे गोल हवेत. दादरच्या आमच्या दवाखान्यात फुटलेली कॅप आली की मी आधी जाडी मोजते. लिथियम डायसिलिकेटला (कॅपसाठी वापरतात ते एक सिरॅमिक) दाढेच्या चावायच्या पृष्ठभागावर साधारण १.५ मिमी लागते, आणि नेमकी मधल्या खळगीत ती कमी निघते. झिर्कोनिया हे दुसरं सिरॅमिक पातळ चालतं खरं, पण टोकदार कोपऱ्यापाशी त्यातही ताण एकवटतोच. कॅप उंच लागते म्हणून डॉक्टरांनी बसवल्यावर घासली, तर पॉलिश करून मागाच. त्या खरखरीत ओरखड्यांतूनही तडे जातात.