घोटा बदलल्यानंतरची हालचाल: एक्स-रे वेगळंच सांगू शकतो

'इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) सरळ बसलं असेल तर घोटा पूर्वीसारखा वळायलाच हवा, नाही वळला म्हणजे सर्जनचं चुकलं' हे घोट्याचा सांधा बदलण्याच्या ऑपरेशनबद्दल चर्चेत मांडलेलं मत मला अर्धंच पटतं. अलाइनमेंटला, म्हणजे सांधा हाडांच्या सरळ रेषेत बसण्याला, महत्त्व आहेच. समोरून पाहता सांधा तिरका राहिला तर भार कृत्रिम सांध्यातल्या प्लास्टिकच्या एकाच कडेवर येतो आणि ती लवकर झिजते. बाजूने पाहता टॅलसचं हाड (नडगीच्या खाली असलेलं घोट्याचं हाड) नडगीच्या अक्षापुढे सरकलेलं राहिलं, तर पाऊल वर उचलताना अडकू शकतं. पण ऑपरेशननंतर किती हालचाल मिळेल हे बरंचसं आधी किती शिल्लक होती यावर ठरतं. वर्षानुवर्षं आखडलेली पोटरी आणि अकिलिस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) नुसत्या नव्या सांध्याने सैल होत नाहीत, म्हणून काही जणांत त्याच ऑपरेशनमध्ये ते लांबवावे लागतात.

या चर्चेत कोणी न मांडलेला एक मुद्दा आहे. फिजिओ कोनमापकाने जे अंश मोजतात, त्यात घोट्यापुढच्या, पावलाच्या मधल्या सांध्यांची हालचालही मिसळलेली असते. माझ्या मावशीच्या कागदावरचा आकडा छान दिसत होता. पाऊल वर आणि खाली नेऊन बाजूने दोन एक्स-रे काढले, तेव्हा खऱ्या घोट्याचा वाटा बराच कमी निघाला. तरी तिचं दुखणं थांबलंय, बाजारात चालत जाते. या ऑपरेशनचा मुख्य हेतू तोच असतो. तेव्हा फॉलो-अपला उभं राहून काढलेल्या एक्स-रेसोबत हे दोनही जरूर मागा.