हवामान आराखड्याचा पैसा आधी कुठे जावा? खाजनाच्या बांधावर!

बांधाकडचा
गोव्याचा हवामानबदल कृती आराखडा २०२०-३० या दशकाचा. दशक सरत आलं, म्हणून विचारतो. माझ्या मते पहिला पैसा खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांचे, बांध आणि मानशी, म्हणजे बांधातल्या दारं असलेल्या पाणवाटा, यांवर पडावा. भरतीच्या दाबाने मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी नदीत जातं. वीज नको, पंप नको. पण बांध चिखलमातीचा, पावसाआधी दर वर्षी त्याची डागडुजी करावी लागते. आमच्याकडे एकदा भगदाड पडलं, तर दोन पावसाळे कोरगुटसुद्धा हाती लागलं नाही. खारं पाणी सोसणारं भात ते! वाड्यावरच्या विहिरीही मचूळ झाल्या.

खारफुटीप्रेमी
पटत नाही. बांध राखायची ती गावकारी, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ते काम कूळ संघटनांकडे गेलं. कित्येक ठिकाणी बांधाला माणूस मिळत नाही, मानशीत मासे धरायच्या हक्काचा लिलाव मात्र चुकत नाही. ठेकेदार मासळीसाठी अवेळी दारं उघडतो आणि खारं पाणी शेतात घेतो. अशांच्या हाती आणखी पैसा? पडीक खाजनात खारफुटी आपसूक उभी राहते, लाटही अडवते. ती राहू द्या.

बांधाकडचा
बांधाच्या बाहेर खारफुटी हवीच, ती नसेल तर बांध टिकणार नाही. आत शिरली की मात्र भातशेत कायमचं गेलं, कारण मग वनखात्याच्या परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही. लिलावाचं तुमचं खरं आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

वाळपईकर
तुमची चर्चा खाऱ्या पाण्याची. आम्हा सत्तरी तालुक्यातल्यांना बुडवलं ते गोड्या पाण्याने. २३ जुलै २०२१ला म्हादई नदी चढली, मातीच्या भिंती बसल्या, माणसं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने झाडं आणि विजेचे खांब पाडले होते. वीज नाही तिथे मोबाईलवरचा इशारा कोण वाचणार? वरच्या अंगाला पाणी किती चढलं ते खालच्या वाड्यांना रात्री सांगणारा माणूस आणि भोंगा द्या. बांधाहून स्वस्त आहे.

बांधाकडचा
भोंगा आधी, मान्य. बांधासाठी माझी अट एवढीच: लिलावाच्या पैशातला ठरलेला वाटा बांधाला लागला, हे ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय सरकारी हप्ता सुटू नये.

खारफुटीप्रेमी
आणि मानशीच्या दाराची किल्ली ठेकेदाराकडे नको. तेवढं झालं तर माझा विरोध उरत नाही.