पुसलेली यूडेव्ह नियम-फाइल दर बूटला परत कोठून येते?

प्रश्न :
नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका चादर कारखान्याचा उबुंटू सर्व्हर मी सांभाळतो. त्यातील एक नेटवर्क कार्ड जकार्ड मागांकडे जाते आणि दुसरे इंटरनेटकडे. पहिल्याला ‘माग०’ हे नाव मिळावे म्हणून मी यूडेव्हच्या (उपकरणे सापडताच त्यांना नियमांनुसार नावे देणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या) ‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी’ या फोल्डरमध्ये ‘७०-माग.रूल्स’ ही फाइल लिहिली. परंतु वीज जाऊन आली की कार्ड पुन्हा ‘लॅन०’ होते आणि मागांना नक्षी पाठवणारा प्रोग्रॅम अडतो. ‘/रन/यूडेव्ह/रूल्स.डी’मध्ये ‘९९-नेटप्लॅन’ने सुरू होणारी एक फाइल सापडली. ती पुसली, तरी रीबूटनंतर पुन्हा हजर! ती कोण तयार करते, आणि माझ्या नियमावर मात कशी करते?

उत्तर १ :
‘/रन’ ही मेमरीतील जागा असल्याने मशीन बंद होताच तेथील सारे नाहीसे होते. म्हणजे आपण फाइल पुसली नसती, तरी ती दर बूटला नव्यानेच लिहिली गेली असती. सिस्टमडी, म्हणजे बूटच्या वेळी सर्व सेवा चालू करणारा मुख्य प्रोग्रॅम, त्या सेवा सुरू करण्याआधी जनरेटर नावाचे छोटे प्रोग्रॅम चालवते. त्यांपैकी नेटप्लॅनचा (उबुंटूत नेटवर्कची मांडणी ठरवणाऱ्या साधनाचा) जनरेटर त्या मांडणीची यामल नावाची मजकूर फाइल वाचतो आणि तीत कार्डाच्या मॅक पत्त्यासोबत (कार्डाच्या ओळखक्रमांकासोबत) ‘सेट-नेम’, म्हणजे द्यायचे नाव, दिलेले असल्यास तसा नियम ‘/रन’मध्ये लिहून ठेवतो. यूडेव्हचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) त्यानंतर उठतो. तो ‘/यूएसआर/लिब’, ‘/रन’ आणि ‘/ईटीसी’ येथील सर्व फाइली एकत्र करून केवळ नावाच्या क्रमाने लावतो. कोणती फाइल कोठे आहे, हे दोन फाइलींचे नाव तंतोतंत सारखे असेल तेव्हाच पाहिले जाते आणि तेव्हा ‘/ईटीसी’तील फाइल ग्राह्य धरली जाते. पुढे, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आधीच सापडलेल्या उपकरणांच्या ‘अ‍ॅड’ घटना, म्हणजे ‘उपकरण आले’ अशा सूचना, पुन्हा पाठवल्या जातात. त्या वेळी आपली ७० क्रमांकाची फाइल ‘माग०’ ठरवते आणि ९९ ची फाइल ते नाव मागाहून बदलते.

उत्तर २ :
आपल्या ७० च्या नियमात नाव देताना ‘=’ऐवजी ‘:=’ लिहिल्यास नंतरच्या फाइलींना नाव बदलता येत नाही, पण मी तो मार्ग घेणार नाही. एकाच कार्डाचे नाव दोन ठिकाणी लिहिलेले राहिले, तर पुढे सर्व्हर सांभाळणाऱ्याची दिशाभूल होईल. यामलमधील ‘सेट-नेम’च बदलावे आणि ७० ची फाइल काढावी. इनिटरामएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उतरणाऱ्या छोट्या फाइलसंचातही) काही नियमांची स्वतंत्र प्रत असते, म्हणून ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ही चालवावे.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. यामलमध्ये मागील तंत्रज्ञाने लिहिलेले ‘सेट-नेम: लॅन०’ खरोखरच होते. ते ‘माग०’ केले, माझी फाइल काढली आणि पाळी बदलताना सर्व्हर दोनदा बंद करून सुरू केला. दोन्ही वेळा नाव टिकले, आणि ‘/रन’मधील नव्या फाइलीतही आता ‘माग०’च दिसते.