टाय-इन कॉमिकमध्ये घडलं ते गेममध्ये घडलं असं धरायचं का?

चेकपॉइंट

आधी सूचना: खाली हेलो, असॅसिन्स क्रीड, ड्रॅगन एज आणि आणखी काही मालिकांची कथा उघड होणार आहे. खेळायच्या बाकी असतील तर धागा नंतर वाचा.

गेमच्या नावाने कॉमिक निघतं, त्यावर 'अधिकृत' असं छापलेलं असतं. मग त्यात जे घडलं ते कॅनन, म्हणजे मालिकेच्या खऱ्या कथेचा भाग, धरायचं का? माझं मत: नुसत्या शिक्क्यावर नाही. गेम स्वतः ज्याची दखल घेतो तेवढीच त्या मालिकेची कथा. बाकीचं आवडीने वाचावं, पण ते न वाचणाऱ्याला "तुला कथा कळलीच नाही" असं कोणी ऐकवू नये.

'हेलो ४' (२०१२) मध्ये डायडॅक्ट हा खलनायक मोठ्या ताकदीने उभा केला होता. युगानुयुगं बंदिवासात काढलेला, मानवजातीवरचा राग न विझलेला. शेवटी तो खाली कोसळताना दिसतो. मेला की वाचला, कळत नाही. 'हेलो ५' (२०१५) मध्ये त्याची गाठ पडेल म्हणून मी खेळायला बसले, तर त्याचा पत्ताच नाही. कारण मधल्या काळात डार्क हॉर्सच्या 'एस्कलेशन' या कॉमिकमध्ये मास्टर चीफने, म्हणजे मालिकेच्या नायकाने, त्याचा निकाल लावून टाकला होता. ब्लू टीम, चीफचे जुने साथीदार, हीही त्याला त्याच कॉमिकमध्ये परत भेटली. 'हेलो ५' मध्ये ती थेट त्याच्या बरोबर लढताना दिसते, आणि कॉमिक न वाचलेला माणूस विचारत राहतो, हे लोक आले कुठून?

असॅसिन्स क्रीडमधल्या जूनोचं, एका प्राचीन संस्कृतीतल्या खलनायिकेचं, त्याहून वाईट झालं. 'असॅसिन्स क्रीड ३' (२०१२) च्या शेवटी आधुनिक काळातला नायक डेस्मंड जग वाचवण्यासाठी जीव देतो, आणि त्यापायी जूनो मोकळी सुटते. 'ब्लॅक फ्लॅग' आणि 'सिंडिकेट' मध्ये तिचा धोका वाढत गेलेला दिसतो. आणि तिचा शेवट कुठे? २०१७-१८ मध्ये चाललेल्या 'अपरायझिंग' या कॉमिकमध्ये, कॉमिकमधल्याच एका पात्राच्या हातून. इतकी वर्षं ज्यांनी हा धागा हातात कंट्रोलर घेऊन धरून ठेवला, त्यांना ती लढाई मिळालीच नाही.

डायडॅक्ट आणि जूनो, दोघांचेही हे शेवट मी मानत नाही.

पानोपानी

असहमत, आणि ठामपणे.

कथा कोणाची, तर लिहिणाऱ्याची. 'द लास्ट ऑफ अस' चं 'अमेरिकन ड्रीम्स' हे चार अंकी कॉमिक २०१३ मध्ये आलं. लेखनात नील ड्रकमन आणि फेथ एरिन हिक्स. गेमची कथा लिहिणारा माणूसच कॉमिकही लिहितोय. गेममधली एली आणि तिची मैत्रीण रायली पहिल्यांदा भेटतात ती हकिकत त्यात आहे. मूळ गेममध्ये रायलीचं नाव एली अगदी शेवटच्या प्रसंगात घेते, आणि ते कॉमिक वाचलेल्याला तिथे काय वाटतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. त्या दोघींच्याच गोष्टीचा 'लेफ्ट बिहाइंड' हा डीएलसी, म्हणजे गेमला मागाहून जोडलेला भाग, आला २०१४ मध्ये.

आता तुमची कसोटी लावू. गेमने दखल घेतली की कॅनन. म्हणजे २०१३ मध्ये त्या दोघींची भेट घडलेली नव्हती आणि डीएलसी आल्यावर ती मागाहून घडली? कथेतली घटना एक तर घडलेली असते किंवा नसते. तुम्ही जे सांगताय ते "मला ते कधी कळलं" एवढंच आहे.

आणि जूनोचा शेवट तुम्हाला आवडला नाही, हे मला पटतं. मलाही नाही आवडला. पण न आवडलेलं घडलेलं नाही असं म्हणता येत नाही.

आठवा_दरवाजा

धागाकर्तीशी सहमत. जूनोवरचा राग तर अजून गेलेला नाही.

लाल_विरुद्ध_निळा

तुम्ही दोघी ज्या गेमबद्दल बोलताय त्यांत कथा आहे. ज्यांत नाही त्यांचं काय?

'टीम फोर्ट्रेस २' २००७ चा. दोन संघ, नऊ प्रकारची पात्रं, सततची मारामारी. ही माणसं कोण आहेत, का लढतात, मॅन घराण्याच्या भावांचं भांडण काय, हे सगळं कॉमिकमध्ये आहे. २०१२ मध्ये यंत्रमानवांच्या लाटा परतवण्याचा मोड आला, ते यंत्रमानव ग्रे मॅनचे, आणि ग्रे मॅन कोण हे कळतं ते कॉमिकमधून. पुढे २०१३ पासून सात भागांची मोठी कथा सुरू झाली. सहावा भाग जानेवारी २०१७ चा, सातवा आला डिसेंबर २०२४ मध्ये. जवळजवळ आठ वर्षं लोक त्या एका कॉमिकची वाट बघत होते. ज्यांनी वाट बघितली त्यांना जाऊन सांगा, की ही खरी कथा नाही, कारण सामना सुरू असताना त्यातलं काही दिसत नाही.

ओव्हरवॉचचंही तसंच. २०१६ च्या मूळ गेममध्ये कथेचं कॅम्पेन नव्हतं. ट्रेसर या पात्राची जोडीदार एमिली आपल्याला भेटली ती त्या डिसेंबरच्या 'रिफ्लेक्शन्स' या कॉमिकमध्ये. ट्रेसर समलिंगी आहे हे त्यातूनच कळलं, जगभर त्यावर बोललं गेलं. तेव्हा कोणी "हे फक्त कॉमिकमध्ये आहे, म्हणून खरं नाही" म्हणालं असतं, तर ते मला अन्यायाचं वाटलं असतं.

तुमची कसोटी कथाप्रधान, एकट्याने खेळायच्या गेमसाठी बनलेली आहे. ती सगळ्यांच्या गळ्यात बांधू नका.

चेकपॉइंट

@लाल_विरुद्ध_निळा, तुमचा मुद्दा घेते. गेमने कथेसाठी जागाच ठेवली नसेल तर कॉमिक हेच कथेचं घर. तिथे माझा वाद नाही, कारण तिथे कोणाच्या हातचं काही काढून घेतलेलं नाही. डायडॅक्टच्या बाबतीत गेमनेच प्रश्न विचारला होता, उत्तर देण्याची जबाबदारीही त्याचीच होती.

पण ओव्हरवॉच तुम्हीच काढलंत म्हणून आठवण करून देते. 'फर्स्ट स्ट्राइक' नावाचं मोठं कॉमिक जाहीर झालं होतं. ते नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द केलं, आणि कारण दिलं की कथा आता वेगळ्या दिशेने गेली आहे. छापण्याआधी रद्द झालं म्हणून वाचलं. छापून झाल्यावर दिशा बदलली असती तर? तेव्हा मागे कोण सरकलं असतं, गेम की कॉमिक?

@पानोपानी, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. २०१३ मध्ये रायलीची भेट हा लेखकाने दिलेला शब्द होता. २०१४ मध्ये गेमने तो पाळला. शब्द दिला आणि पाळला यात फरक असतो, आणि सगळे शब्द पाळले जात नाहीत.

पानोपानी

लेखक बदलेल म्हणून लिहिलेलं कच्चं धरायचं, तर गेमही कच्चेच आहेत. नवा भाग जुन्या भागातली गोष्ट बदलतो हे काय आपण पाहिलेलं नाही? रिटकॉन, म्हणजे जुनी कथा मागाहून बदलणं, फक्त कॉमिकच्या वाट्याला येत नाही.

आणि तुमच्याच मालिकेतलं उदाहरण देते. डॅनियल क्रॉस. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'द फॉल' या कॉमिकचा नायक. असॅसिन लोकांच्या मेंटॉरला, म्हणजे प्रमुखाला, तो मारतो ते त्या कॉमिकमध्ये. 'असॅसिन्स क्रीड ३' मध्ये तो डेस्मंडच्या समोर उभा राहतो. 'द फॉल' वाचलेल्याला तिथे एक उद्ध्वस्त केलेला माणूस दिसतो, न वाचलेल्याला पाठलाग करणारा आणखी एक गुंड. दोघांनी एकच गेम खेळला का?

सगळे_पर्याय

मी तिसरीकडून येतो. निवडीच्या गेममध्ये कॉमिक कॅनन असूच शकत नाही. लेखक तोच असला तरी नाही, पुढच्या गेमने दखल घेतली तरी नाही.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९). त्यातला आपला साथीदार ॲलिस्टर राजा होऊ शकतो, ग्रे वॉर्डन म्हणजे योद्धाच राहू शकतो, हद्दपार होऊन दारूच्या नशेत भटकू शकतो, त्याला देहदंड होऊ शकतो, शेवटच्या राक्षसाला, आर्चडीमनला, बुरुजावर मारताना तो स्वतः मरू शकतो. आणि २०१२ चं 'द सायलेंट ग्रोव्ह' सुरू होतं ते राजा ॲलिस्टरला घेऊन. इसाबेला आणि व्हॅरिक हे साथीदार बरोबर, वडिलांचा, मॅरिक राजाचा, शोध. कॉमिक म्हणून उत्तम आहे. पण माझ्या जगात ॲलिस्टर त्या बुरुजावर मेला. मी त्याला जाऊ दिलं, कारण त्या क्षणी तेच योग्य वाटलं, आणि तो निर्णय मी अजून विसरलेलो नाही. कोणी येऊन सांगावं की नाही, खरा ॲलिस्टर सिंहासनावर आहे, तर मग मला तो निर्णय विचारला कशाला?

इथे लेखकाचा अधिकार अर्धाच आहे. उरलेला अर्धा त्याने स्वतःहून खेळणाऱ्याच्या हातात दिला. दिलेलं परत मागता येत नाही.

पानोपानी

@सगळे_पर्याय, या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. कॉमिकमधलं जग ही शक्य असलेल्या जगांपैकी एक वाट, एवढंच. पण म्हणून मॅरिकच्या गायब होण्यामागची हकिकतही रद्द होते का? त्यात खेळणाऱ्याची निवड कुठेच नव्हती. पात्राचं भवितव्य वेगळं आणि जगाचा इतिहास वेगळा. इतिहास मी कॉमिकमधून घेईन.

सगळे_पर्याय

तो इतिहास उलगडतो राजा ॲलिस्टरच्या प्रवासात. माझ्या जगात तो प्रवास झाला नाही, म्हणजे तो इतिहास कोणाला कळलाच नाही. वेगळा काढून घेता येत नाही हो तो.

निळी_शर्यत

सॉनिकवाल्यांनी या वादाची दोन्ही टोकं भोगली आहेत, म्हणून लिहितो.

आर्ची कॉमिक्सने १९९० च्या दशकात सुरू केलेली मालिका २९० अंकांपर्यंत चालली. तिचं जग ॲनिमेटेड मालिकेतून उचललेलं, सॅली एकॉर्न आणि तिचे साथीदार, आणि गेमशी त्याचं सूत जुळवायचा आग्रह कोणी धरलाच नाही. आम्हाला त्याने काही फरक पडला नाही. कित्येक मुलांचा सॉनिक हा तोच. मग एका जुन्या लेखकाने आपण निर्माण केलेल्या पात्रांवर हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१३ मध्ये कॉमिकचं सगळं विश्वच नव्याने मांडावं लागलं. डझनावारी पात्रं रातोरात नाहीशी झाली. कथेच्या गरजेपोटी नाही, कागदपत्रांपायी.

आता आयडीडब्ल्यू या प्रकाशकाची मालिका. एप्रिल २०१८ पासूनची ही मालिका 'सॉनिक फोर्सेस' च्या पुढची कथा सांगते. सुरुवातीपासून लिहिणाऱ्या इयन फ्लिननेच पुढे 'सॉनिक फ्रंटियर्स' (२०२२) ची कथा लिहिली, आणि त्या गेममध्ये टँगल या पात्राचा उल्लेख येतो. टँगल जन्मली कॉमिकमध्ये. ते एक वाक्य ऐकलं तेव्हा मी गेम थांबवला आणि पुन्हा ऐकलं. कोणत्या जाहीर घोषणेने एवढा आनंद दिला नसता.

म्हणून चेकपॉइंट यांची कसोटी मला मान्य आहे. पण आर्चीच्या २९० अंकांना कोणी 'खोटं' म्हटलं तर मी भांडेन. कॅनन नसलेली गोष्ट कमअस्सल नसते.

आठवा_दरवाजा

कॅनन नसलं म्हणून कमअस्सल नाही, हे दहा वेळा लिहायला हवं. लोकांना कॅननचा शिक्का हवा असतो तो आपण खर्च केलेला वेळ वाया गेला नाही हे ऐकण्यासाठी. चांगलं वाचलं तर वेळ वाया गेलेला नसतोच.

लाल_विरुद्ध_निळा

'पोर्टल २: लॅब रॅट' (२०११) राहिलं. मला वाटतं टाय-इन कॉमिक कसं असावं तर असं. पोर्टल संपल्यावर चेल, म्हणजे आपण जिला खेळवतो ती, झोपेत जिवंत कशी राहिली, ती चाचणीसाठी निवडलीच कशी गेली, हे त्यात कळतं. कॉमिकचा नायक डग रॅटमन गेममध्ये एकदाही समोर येत नाही, पण भिंतींआडच्या त्याच्या खोल्या आणि चित्रं आपण पाहिलेली असतात. कॉमिकने चेलचा एकही क्षण घेतला नाही. आपण जिथे नव्हतो तिथली गोष्ट सांगितली.

चेकपॉइंट

@लाल_विरुद्ध_निळा, हाच फरक मला पहिल्या पोस्टमध्ये नीट धरायचा होता. आपण जिथे नव्हतो तिथली गोष्ट कॉमिकने सांगावी. मास इफेक्टचं 'रिडेम्प्शन' (२०१०) असंच आहे: गेमचा नायक शेपर्ड मेलेला, त्याचा देह त्याची साथीदार लियारा सोडवून आणते. त्या काळात खेळणारा शब्दशः मेलेला असतो, त्याच्या हातचं काय घेणार? शिवाय 'मास इफेक्ट २' मध्ये लियारा ही हकिकत थोडक्यात स्वतः सांगते.

@पानोपानी, डॅनियल क्रॉसबद्दल: हो, 'द फॉल' ने त्याला खोली दिली, आणि गेमने त्याला आत घेऊन ती मान्य केली. माझी तक्रार जूनोची आहे. क्रॉस कॉमिकमधून गेममध्ये आला, जूनोला गेममधून उचलून कॉमिकमध्ये नेऊन मारलं. या दोन गोष्टींना एकाच 'अधिकृत' शब्दाखाली मी बसवणार नाही.

पानोपानी

मग तुमचा आक्षेप कॅननवर नाही, त्या निर्णयावर आहे. "जूनोला कॉमिकमध्ये मारायला नको होतं" यावर मी सही करते. "मारलंच नाही" यावर करणार नाही. 'ओरिजिन्स' (२०१७) पासून आधुनिक काळात लैला हसन ही नवी नायिका आली, जूनोचा धागा गेमने पुन्हा हाती घेतला नाही. ती अजून जिवंत असेल तर कुठे आहे? तुमच्या कसोटीने ती मेलेलीही नाही आणि जिवंतही नाही.

चेकपॉइंट

हो, माझ्यासाठी ती अजून मोकळीच आहे. डेस्मंडने जीव दिला तेव्हा सुरू झालेली गोष्ट गेमने अर्धी सोडली आहे. ती पूर्ण झाल्याचं मान्य केलं, तर उरलेली अर्धी मागण्याचा आपला हक्कही गेला.

सगळे_पर्याय

एक राहिलं. 'मास इफेक्ट २' प्लेस्टेशन ३ वर २०११ मध्ये आला तेव्हा पहिला भाग त्या कन्सोलवर नव्हता. म्हणून सुरुवातीला 'जेनेसिस' नावाचं कॉमिक जोडलं होतं. पानं पुढे सरकतात, आणि राक्नाय या परग्रही जमातीच्या राणीला सोडायचं की मारायचं, रेक्स या साथीदाराचं काय करायचं, हे मोठे निर्णय कॉमिक थांबवून तुम्हाला विचारले जातात. तुम्ही जे निवडाल ते पुढच्या गेममध्ये खरं. ते कॉमिक मी कॅनन मानतो.