उन्हात वाचता येतं का, ते आधी बघा

लास वेगासच्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनातल्या टॅब्लेटबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत. 'एवढा रंगीत पडदा असताना काळ्या-पांढऱ्या ई-रीडरला कोण विचारणार' असंही म्हणालात. मी विचारणार. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात आहे. मे महिन्यात धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून मोबाइल उघडला की काचेत वरच्या फांद्या दिसतात, अक्षर काही दिसत नाही.

ई-रीडर म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र; त्याच्या ई-इंक पडद्याचं याच्या उलट. त्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. दोन्हींवर विद्युतभार विरुद्ध, त्यामुळे विजेच्या इशाऱ्याने हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. बाहेरचाच उजेड कागदासारखा परततो, म्हणून ऊन जितकं लख्ख तितकं अक्षर ठसठशीत. पडद्याला वीज लागते ती पान उलटताना. वादळात आमच्याकडे लाइन गेली की दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा याची किंमत कळते.

रंगीत ई-इंक आलीय, पण कॅलिडो ३ या रंगीत पडद्यात काळी अक्षरं ३०० पीपीआयची (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) तर रंग १५० चेच, तेही फिकट. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचे फोटो बघायला टॅब्लेटच बरा, हे मान्य.

किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर २०१६ पासून मराठी पुस्तकं मिळतात. बाबांना मोतीबिंदू आहे. अक्षर मोठं केलं की एका पानावर सात-आठ ओळी मावतात, पण ते चष्म्याशिवाय वाचतात. मात्र स्कॅन केलेली पीडीएफ घेऊ नका. तिचं अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि सहा इंची पडद्यावर दर ओळीला पान सरकवावं लागतं.