प्रदर्शनासाठी ‘अंतराळातले मोड’: फिरती डिश कशी करावी?

खानापूर_मास्तर
नववीच्या पोरांना तालुका विज्ञान प्रदर्शनात अंतराळवीरांच्या जेवणावर प्रयोग मांडायचाय. २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांनी अंतराळ स्थानकात मूग-मेथीला मोड आणले. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा, म्हणून पोरं हट्टाला पेटलीत. गुरुत्वाकर्षणाशिवाय मोड कसे येतात ते वर्गात दाखवता येईल का? आणि परीक्षक विचारणारच: पाकिटातलं जेवण असताना मोड कशाला?

घटप्रभा_वर्कशॉप
सर, गुरुत्व घालवता येत नाही. पण बी सतत फिरत ठेवलं की मुळाला ‘खाली’ कुठे ते ठरवता येत नाही. या यंत्राला क्लिनोस्टॅट म्हणतात. १२ व्होल्टची, मिनिटाला ५ फेऱ्यांची गिअर मोटर घ्या. मायक्रोवेव्हची मोटर भंगारात मिळते, पण ती बहुधा २२० व्होल्टची असते, पोरांच्या हातात नको. दांडा जमिनीला समांतर, त्यावर पेट्री डिश (प्रयोगशाळेतली झाकणाची उथळ गोल बशी) गाडीच्या चाकासारखी उभी बसवा.

माती सरकते, म्हणून १०० मिली पाण्यात १ ग्रॅम चायना ग्रास उकळून पाऊण सेंमीचा थर ओता. थर गार झाल्यावर ८ तास भिजवलेले मूग रोवा, मध्यापासून ३ सेंमीच्या आतच. त्याच्या पलीकडे फिरण्याचं बल वाढत जातं. ३ सेंमीवर ते गुरुत्वाच्या हजाराव्या भागाहून कमी असतं. बिया चारी बाजूंना सारख्या हव्यात. वजन एकीकडे गेलं की मोटर अर्धी फेरी रेंगाळते, अर्धी पळते आणि मुळं एका बाजूला झुकतात.

तशीच दुसरी डिश उभी पण स्थिर ठेवा, दोन्ही अंधाऱ्या खोक्यात, कारण उजेडाकडेही कोंब वळतात. दोनेक दिवसांत स्थिर डिशमधली मुळं खाली गेलेली, फिरत्या डिशमधली वाटेल तिकडे. मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. आपल्याकडे वीज जाते, आणि डिश अर्धा तास थांबली तरी मुळं खाली वळायला लागतात.

चिकोडी_आहार
परीक्षकांना आकडे सांगा. मंगळासारख्या मोहिमेसाठी अन्न ५ वर्षं टिकावं हे नासाचं लक्ष्य आहे. पाकिटातले उष्मांक टिकतात, पण क आणि बी-१ जीवनसत्त्व साठवणीत घटत जातं. कोरड्या मुगात क नगण्य. लांब मोडांत १०० ग्रॅमला साधारण १३ मिलिग्रॅम. गरज रोज ९० मिलिग्रॅम, म्हणजे निव्वळ मोडांवर भागवायचं तर ७०० ग्रॅम खावे लागतील! उष्मांक १०० ग्रॅमला फक्त ३०. तेव्हा मोड हे जेवण नव्हे, ताजी जोड. फायदा असा, की माती लागत नाही, उजेड लागत नाही, बी मूठभर जागेत मावतं.

भाकरीचं मॉडेल कुणी करत असेल तर थांबवा. तिचे कण तरंगून डोळ्यांत, यंत्रांत शिरतात. म्हणूनच तिथे पावाऐवजी टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) वापरतात.

प्रदर्शनातले मोड मात्र कुणाला खायला देऊ नका. बियांवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असला तर ओल्या, उबदार डिशमध्ये झपाट्याने वाढतो.

मलप्रभाकाठ
एक गोष्ट तक्त्यावर ठळक लिहा: फिरत्या डिशमध्ये पाणी अंतराळातल्यासारखं वागत नाही. तिथे पाणी खाली झिरपत नाही, मुळांना चिकटून राहतं आणि त्यांना हवा मिळत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये स्थानकातल्या झिनियाच्या झाडांना बुरशी लागली, ती जास्त पाणी आणि अपुरा वारा यामुळेच. पंखा वाढवल्यावर उरलेली झाडं सावरली आणि जानेवारीत फुलली.

खानापूर_मास्तर
मुगाऐवजी चवळी चालेल का? इस्रोने तीच पाठवली होती ना?

घटप्रभा_वर्कशॉप
होय, डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० रॉकेटमधून ८ बिया गेल्या आणि चार दिवसांत मोड आले. तुम्हाला चालेल, पण बी मोठं, थर सव्वा सेंमीचा करा, नाहीतर डिश फिरताना बी निसटतं. दाणे सहाच ठेवा.